दोन मिनिटांचं काम

मला दोन भाषा येतात, हा माझा गुन्हा. घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. आमच्या गल्लीत तशा त्या सगळ्यांनाच थोड्याफार यायच्या. पण मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे माझं मराठी म्हणजे साहेबापुढे चालणारं मराठी, असा लोकांनी आपला समज करून घेतला होता. कुणाचं कुठेही अडलं की पावलं माझ्या दाराकडे वळायची. कधी वेळ बघून येतील तर शपथ! इकडे कढईत मोहरी तडतडत असायची आणि दारात कुणीतरी उभं. "पंतुलम्मा, जरा येता का? दोन मिनिटांचं काम आहे." पंतुलम्मा म्हणजे मास्तरीणबाई. गल्लीत मला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

दोन मिनिटांचं म्हणे! एकाचंही काम दोन मिनिटांत उरकलं नाही. रेशनच्या कचेरीत जावं तर साहेब जेवायला गेलेला. शाळेच्या दाखल्यासाठी जावं तर मुलाची जन्मतारीख बापालाच ठाऊक नाही, आणि तो माझ्या तोंडाकडे बघतोय, जसं काही त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. एकदा मला पोलीस चौकीत नेलं. हातमाग कुठल्या खोलीत ठेवायचा ह्यावरून दोन भाऊ हातघाईवर आले होते. धाकटा तावातावानं काहीबाही बोलला, ते मी जसंच्या तसं मराठीत हवालदाराला सांगितलं, तर हवालदार माझ्यावरच डाफरला, "ओ बाई, आवाज खाली!" अहो, आवाज माझा होता का? त्याचा होता, मी नुसता पोचवत होते. बाहेर पडल्यावर त्या धाकट्यानंही मलाच धरलं, की तुम्ही माझी बाजू नीट मांडली नाहीत. म्हटलं, बाबा रे, तुझी बाजूच लंगडी होती, ती मी लंगडीच मांडली.

ह्या कामाला काही नाव नव्हतं. कोर्टात दुभाषी असतो आणि त्याला बसायला जागा असते, असं नुसतं ऐकून होते. आम्हाला कोण बसवतोय! दवाखान्यात सुई टोचायला माणूस, पट्टी बांधायला माणूस, फाटकावर हटकायला तर दोन दोन माणसं. पण रोगी काय बोलतोय ते डॉक्टरला कळावं आणि डॉक्टर काय बोलतोय ते रोग्याला कळावं, ह्यासाठी कुणी नाही. त्याला शेजारीण चालते. शेजारणीची पोर चालते. वाटेनं जाणारा चालतो. आता म्हणे काही ठिकाणी ह्या कामासाठी माणसं शिकवून तयार करतात आणि पगारावर नेमतात. ऐकून बरं वाटलं, आणि खरं सांगू, थोडा रागही आला. इतकी वर्षं कुठे झोपला होतात?

आणि माझी तेलुगू तरी काय दर्जाची! आमचे पणजोबा तेलंगणातून हातमागाच्या कामाला नगरला आले ते इथलेच झाले. तेव्हापासून आमच्या बोलण्यात मराठी इतकं मिसळलं की तिकडची पाहुणेमंडळी आली की तोंडाला पदर लावून हसायची. आमची ती भाषा स्वैपाकाची, भांडणाची आणि देवाची. तिच्यात फुफ्फुस कुठून येणार? पोटातले अवयव मला खाटकाच्या दुकानात लागतात तेवढेच ठाऊक. पण हे ऐकतो कोण! लोकांना वाटतं, हिला दोन्ही येतं ना, मग झालं, ह्या तोंडानं ओतलं की त्या तोंडानं निघेल.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. सगळे दवाखाने भरलेले, खेड्यापाड्यांतून माणसं येऊन पडलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा राहायची. विड्या वळून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला होता. मुलगा मागावर न बसता नागापूरला एका नव्या कारखान्यात लागला, तेव्हा तिचे पाय जमिनीला लागेनात. साऱ्या गल्लीला पेढे वाटले, आणि सून आणली ती थेट करीमनगरकडच्या खेड्यातली. "इकडच्या मुली फार बोलतात," म्हणाली. ही बोलायची नाहीच. बोलणार कुणाशी? मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्ष-सव्वा वर्षात तिला मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर ती खोकायला लागली. आता विडीच्या घरात खोकला कुणाला नवा? दिवसभर तंबाखूचा खकाणा उडायचा, सगळेच खोकायचे. तिच्या थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे सगळ्यांची तंतरली. गावाबाहेरच्या एका दवाखान्यात क्षयाच्या बायकांचा वॉर्ड होता, तिथे तिला ठेवलं. मुलगी सहा महिन्यांची, अंगावर पिणारी. डॉक्टर म्हणाले, बाळाला इथे आणायचं नाही. म्हणून बाळ आजीजवळ घरी राहिलं.

इथवर मला कुणी विचारलं नाही, हे विशेष. सासूला बाजारहाटापुरतं मराठी येत होतं, त्यावरच तिनं आणि डॉक्टरांनी आपापसात भागवलं. दोघंही खूश. माझ्याकडे ती आली ती पार गळ्याशी आल्यावर.

रविवार होता. मी तांदूळ निवडत बसले होते. ती आली ती दारातच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. (हे सगळं बोलणं तेलुगूतलं. इथे मी ते मराठीत सांगतेय, म्हणजे पुन्हा माझ्या गळ्यात तेच काम.)

"पंतुलम्मा, ती औषध घेत नाही. गोळी दिली की थुंकते. सुई टोचायला गेलं की हात पोटाशी घेते. तीन दिवस नीट जेवलेली नाही."

"का?"

"मला काय माहीत का! डॉक्टर म्हणाले, औषध घ्यायचं नसेल तर घरी घेऊन जा, खाटेसाठी दुसऱ्या बायका व्हरांड्यात पडल्यात. घरी आणली तर मरेल ती. सात महिन्यांची पोर टाकून मरेल. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही समजावा. दोन मिनिटांचं काम आहे."

तांदूळ तसेच सुपात ठेवले आणि निघाले. दुसरं काय करणार?

टांग्यात बसल्यावर बाईसाहेबांच्या अटी सुरू झाल्या. पहिली अट, रोगाचं नाव काढायचं नाही. ऐकूनच जीव जाईल तिचा.

"बरं."

"किती दिवस औषध घ्यावं लागेल ते सांगायचं नाही. मी सांगितलंय, दिवाळीला घरी नेते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणतात दीड वर्ष. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला!"

"आणखी काही?"

"आणि पोरीचा विषय तर तोंडातून काढायचा नाही. अजिबात नाही. आठवण आली की छाती भरून येते, दूध दाटतं, ताप चढतो. आम्ही घरात सगळ्यांनी ठरवलंय. मी काढत नाही, माझा मुलगाही काढत नाही. विसरायला हवं ना तिला, तेव्हा तर बरी होईल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "रोगाबद्दल बोलायचं नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही, लेकीबद्दल बोलायचं नाही. मग मी बोलू काय तिच्याशी? ह्या टांग्याच्या घोड्याबद्दल?"

टांगेवाल्यानं मागे वळून पाहिलं. म्हातारी तोंडाला पदर लावून बसली. मी कुठलीही अट कबूल केली नाही, नाकारलीही नाही. तिचा राग येत होता आणि कीवही येत होती, कारण तिला नातीचं करताना मी रोज बघत होते. शेळीचं दूध मिळवायला ती पहाटे उठून गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची, मग मांडीवर घेऊन बोंडल्यानं पाजत बसायची. विड्या तशाच पडायच्या.

वॉर्ड लांबच लांब होता, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. सूनबाई पार शेवटच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिला लग्नात पाहिली होती तेव्हा चांगली गुटगुटीत होती. आता चादरीखाली माणूस आहे की नाही तेच कळेना.

तिथे पाथर्डीकडची एक आया होती, पन्नाशीची. आम्हाला बघून ती पुढं आली. "आलं का कुनी तिच्या बोलीचं? बरं झालं बया! लई गरीब पोरगी हाय वो, पर ऐकतच न्हाई. आमी काय बोलावं? तिला आमचं कळंना, आमाला तिचं कळंना."

डॉक्टर पुण्याचे, तरुण, हुशार आणि कायम घाईत. आमच्या आधी ते शेजारच्या खाटेवरच्या मिरजगावच्या बाईला तपासत होते. "श्वास घेताना वेदना होतात का?" त्यांनी विचारलं. बाईनं आयेकडे बघितलं. आया म्हणाली, "दम घेताना दुखतंय का म्हन्त्यात." बाई म्हणाली, "व्हय व्हय, लई दुखतं, हितं बरगडीत." म्हणजे घ्या! तिथे मराठीतून मराठीतसुद्धा माणूस लागत होता, आणि ते काम ती आया केर काढता काढता करत होती.

मग डॉक्टर आमच्याकडे आले आणि सुरू झाले. माझ्याकडे बघून, हं, तिच्याकडे नाही. "तिला म्हणावं, हा क्षयरोग आहे. दोन्ही फुफ्फुसांना झालाय. पण बरा होतो. औषध मात्र एक दिवसही चुकवता कामा नये. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर पुन्हा उलटेल, आणि मग आमच्याही हातात राहणार नाही. आणि असाच हट्ट करणार असेल तर म्हणावं घरी जा." एका दमात.

"थांबा," म्हटलं. "एकेक वाक्य सांगा. मी काय रेडिओ नाही."

ते थोडे चमकले, पण थांबले. मी पहिलं वाक्य तेलुगूत सुरू केलं. रोगाचं नाव ओठांवर येतंय तोच दंडाला सणसणीत चिमटा बसला. म्हातारी! कळवळलेच मी. आणि मी काही बोलायच्या आत तीच सुनेला तेलुगूत म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे. दिवाळीला घरी जायचं आपण."

सून भिंतीकडे बघत पडून राहिली.

"काय म्हणाल्या ह्या?" डॉक्टरांनी मला विचारलं. "आणि तुम्ही का थांबलात? सांगा ना लवकर, मला अजून अर्धा वॉर्ड बघायचाय."

तिथं माझं डोकं फिरलं. एकीकडे हा घड्याळ बघतोय, एकीकडे ही चिमटे काढतेय, आणि मध्ये ती पोर मरायला टेकलीय. मी आयेला म्हटलं, "मावशी, मला आधी एक स्टूल आणा." तिनं आणलं. मी ते खाटेच्या उशाशी ठेवलं, बसले आणि आधी मराठीत, मग तेलुगूत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आता नीट ऐका. ह्या खाटेजवळ जे कुणी जे काही बोलेल ते मी सगळं सांगणार. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. चांगलं, वाईट, सगळं. गाळणार नाही आणि घालणारही नाही. ज्याला आपलं बोलणं दुसऱ्याला कळायला नको असेल त्यानं तोंड मिटून उभं राहावं. जमत नसेल तर मी चालले, माझे तांदूळ पडलेत निवडायचे."

वर्गात चाळीस पोरांना गप्प करायची सवय होती, ती तिथे उपयोगी पडली. वॉर्डातल्या दोन बायका उठून बसल्या. डॉक्टरांनी घड्याळावरची नजर काढली. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या मुलीनं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी डॉक्टरांचं एकेक वाक्य तिला सांगत गेले. क्षय म्हणून सांगितलं. दीड वर्ष म्हणून सांगितलं. फुफ्फुसाला जो खाटकाकडचा शब्द येत होता तोच वापरला. ते ऐकून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसली असावी. म्हातारी कपाळावर हात मारत होती, पण मुलगी काही ते नाव ऐकून मेली नाही. नुसती म्हणाली, "ठाऊक आहे. आमच्या गावात हा बऱ्याच जणांना होतो."

"मग औषध का नको?" हा प्रश्न डॉक्टरांचा.

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"कुणासाठी तरी घे म्हणावं," डॉक्टर म्हणाले. "ह्यांना मूल आहे ना?"

आता म्हातारीला कळलं, की ह्याच्यापुढे काय येणार. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि मराठीत बोलायला लागली. मराठीत एवढ्यासाठी, की सुनेला समजू नये. "नगं बाई, पोरीचं नाव नगं काढू तिच्यापुढं. पाया पडते तुझ्या. पोरीचं काय बी सांगू नगं."

मी सांगितलं नव्हतं का, जे बोलाल ते सांगणार म्हणून? मी सुनेकडे वळले आणि तेलुगूत म्हटलं, "तुझ्या सासूबाई मला विनवतायत, की तुझ्या लेकीचं नाव तुझ्यापुढे काढू नका."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच, अगदी म्हाताऱ्या बाईसारखी म्हणाली, "काढलं तरी काय होतंय आता, अक्का? गेलेल्या लेकराचं नाव काढलं काय आणि न काढलं काय."

मला क्षणभर कळेचना. "गेलेलं? कोण गेलं?"

"माझी मुलगी. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हातारीकडे बघितलं, ती सुनेकडे बघत होती, तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. आमच्या लोकांत आजारी माणसाला आणि ओल्या बाळंतिणीला मरणाची बातमी सांगत नाहीत. विषयच काढत नाहीत. घरात एखाद्याचं नाव घ्यायचं सगळ्यांनी अचानक बंद केलं, की आजारी माणूस काय ते समजतो. आणि ह्या शहाण्यांनी नेमकं तेच करून ठेवलं होतं! जीव वाचावा म्हणून सगळ्यांनी एकमतानं त्या लेकराचं नाव टाकलं होतं.

"अगं वेडे, जिवंत आहे ती!" मी ओरडलेच. "चांगली ठणठणीत आहे! काल मी तिला बघितलं, बोंडलं तोंडातून काढू देत नव्हती!"

म्हातारी सुनेच्या पायाशी बसून रडायला लागली. आता तीही सांगत होती, जिवंत आहे, देवाशप्पथ जिवंत आहे, दात येतोय तिला. आणि सून? तिनं पुन्हा तोंड भिंतीकडे केलं. "तुम्हाला असं सांगायला पढवून आणलंय," ती मला म्हणाली. "मी औषध घ्यावं म्हणून."

घ्या! इतके दिवस खोटं बोलून ह्यांनी खऱ्याचीही किंमत घालवली होती. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? दिवाळीचं खोटं, अशक्तपणाचं खोटं, आणि त्यात हे एकच खरं.

डॉक्टर "काय झालं, काय झालं" करत होते. मी सांगितलं. ते मटकन शेजारच्या खाटेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "बाळ वॉर्डात आणता येणार नाही."

"वॉर्डात कोण म्हणतंय? बाहेर अंगणात उभं केलं तर तुमच्या कुठल्या नियमात बसत नाही?"

त्यांनी जरा विचार केला आणि नुसता हात हलवला, की आणा.

म्हातारी त्याच टांग्यानं परत गेली. मी स्टुलावर बसून राहिले. काय बोलणार? शब्दांचं काम तिथे संपलं होतं. आयेला मी काय घडलं ते थोडक्यात सांगितलं, तर ती "आगं माझे आये!" एवढंच म्हणाली आणि पदराला डोळे पुसत कामाला लागली.

ऊन तापायला लागलं तेव्हा टांगा आला. म्हातारी नातीला घेऊन खिडकीसमोर अंगणात उभी राहिली, दूर, लिंबाच्या झाडाखाली. आयेनं आणि मी सुनेला दोन्हीकडून धरून खिडकीपाशी नेलं. तिनं गज धरले. बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल, रडेल. छे! "कुणाचंही असेल ते," म्हणाली. "इतकं मोठं नव्हतं माझं."

"पोरं वाढतात, बाई!" मी वैतागून म्हटलं.

तेवढ्यात उन्हानं म्हणा, घामानं म्हणा, बाळ किरकिरायला लागलं, आणि मग त्यानं चांगला टाहो फोडला. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या काडीसारख्या मुलीनं एकदम गज सोडून दोन्ही हातांनी छाती घट्ट दाबून धरली. मग ती तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. बाहेर लेक रडतेय, आत आई रडतेय, झाडाखाली आजी रडतेय. मी आयेला म्हटलं, "मावशी, गोळ्या आणा. आत्ताच्या आत्ता आणा." तिनं आणल्या, मुलीनं हात पुढे केला आणि एका घोटात घेतल्या. सुईलाही दंड दिला. दुपारी भात खाल्ला, थोडाच, पण खाल्ला.

मी घरी जायला निघाले होते, पण तिनं माझं लुगडं धरून ठेवलं. तिला बोलायचं होतं. बाळ कुणाजवळ झोपतं, रात्री उठतं का, दात वरचा की खालचा. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. बाकीचं म्हातारीनं सांगितलं, आता मोकळेपणानं. माझा रविवार गेला तो गेलाच.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा फेरीला आले. गोळ्या घेतल्या म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. पण सकाळचं काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. "मला एक समजत नाही," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हिनं विचारलं का नाही? इतके दिवस इथे पडून आहे. कुणाला तरी विचारायचं!"

मी ते तिला तेलुगूत सांगितलं. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

"विचारलं की, अक्का. आमचे हे आले ते मान खाली घालून उभे राहिले, त्यांची आई शेजारी होती म्हणून बोलले नाहीत. सासूबाईंना विचारलं तर त्या तोंड फिरवून म्हणाल्या, आधी तू खा. मग मी ह्या मावशींना विचारलं." तिनं आयेकडे बोट केलं. "रोज विचारलं. माझं बाळ कसं आहे, म्हणून हात धरून विचारायचे. त्या काही बोलायच्या नाहीत. माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून यायचे. पाठीवरून हात फिरवायच्या, आणि पेलाभर पाणी आणून द्यायच्या. आमच्याकडे माणूस गेल्याचं असंच सांगतात."

आया आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हंती वो ती?" तिनं विचारलं. "माज्याकडं बोट करून काय म्हंती?"

मी तिला सगळं सांगितलं.

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मला वाटायचं, पोरीला तान लागलीया."